आमची शब्दसंपदा स्पर्धा : हेतू, तयारी आणि पद्धत

आपल्या विद्यालयात इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी शब्दसंपदा स्पर्धा घेतली जाते. तिची अंतिम फेरी २७ फेब्रुवारी रोजी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनी असते. स्नेहसंमेलन आणि क्रीडामहोत्सव पालकांना पाहता येतात. शब्दांची तयारी मात्र वसतिगृहाच्या व्हरांड्यात आणि रात्रीच्या अभ्यासिकेत निमूटपणे चालते. म्हणून ही स्पर्धा कशासाठी आहे, तिच्यासाठी शब्द कसे निवडले जातात, तयारी कशी करून घेतली जाते आणि गुण कसे दिले जातात, हे माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांच्यापुढे येथे सविस्तर मांडत आहोत. एखाद्या शाळेला वा वस्तीवरील वाचनालयाला अशी स्पर्धा घ्यावीशी वाटल्यास तिलाही या माहितीचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

स्पर्धा कशासाठी

निवासी विद्यालयात येणारे मूल रिकाम्या हातांनी येत नाही. ते आपल्या घरची, वस्तीची, आईवडिलांच्या कामाची भाषा घेऊन येते. एकाच खोलीत राहणारी मुले शेताला कोणी ‘वावर’ म्हणते, कोणी ‘रान’. लाल भोपळ्याला एकाच्या घरी ‘डांगर’ म्हणतात, दुसऱ्याच्या घरी ‘गंगाफळ’, तर तिसऱ्याच्या घरी ‘कोहळं’. विदर्भातल्या मुलाचा ‘जांब’ म्हणजे पेरू. कोकणात त्याच नावाने निराळेच फळ ओळखले जाते. ही विविधता म्हणजे भाषेचे वैभव आहे. परंतु वर्गात एखाद्याच्या तोंडून असा शब्द निघाला आणि बाकीचे हसले, की ते मूल पुढच्या वेळी बोलताना अडखळते, आणि काही दिवसांनी बोलतच नाही. गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही, असा समज करून घ्यायला जगाला वेळ लागत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरचा शब्द कितीही मोलाचा असला, तरी पाठ्यपुस्तक, परीक्षा, कचेरी, न्यायालय आणि वर्तमानपत्र यांची भाषा निराळी असते. ती येत नसेल तर अर्जातील एका शब्दापाशी शिष्यवृत्ती अडते, आणि नोटिशीतील एका ओळीपाशी शेताचा तुकडा. ज्या घरांत पहिलीच पिढी शिकते आहे, तेथे असा कागद आला की तो आठवीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिला जातो. त्या वेळी त्या मुलाला शब्द ठाऊक असणे ही केवळ गुणांची बाब राहत नाही.

म्हणून या स्पर्धेचे सूत्र एकच आहे : जुना शब्द टाकायचा नाही, त्याच्या शेजारी नवा शब्द बसवायचा. याच कारणास्तव स्पर्धेच्या कोणत्याही कागदावर ‘शुद्ध भाषा’ आणि ‘अशुद्ध भाषा’ हे शब्दप्रयोग आढळणार नाहीत. माणसांना शुद्ध आणि अशुद्ध ठरवणाऱ्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांचे काय केले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. आम्ही ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ असे म्हणतो. प्रमाण भाषा हा सर्वांनी मिळून वापरायचा रस्ता आहे. बोली हे घर आहे. रस्त्यावर चालता आले पाहिजे, म्हणून घर पाडण्याचे कारण नाही.

शब्दांच्या चार पेट्या

कोशातून उचललेली अवघड शब्दांची यादी पाठ करून घेणे ही स्पर्धेची सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत होय. असे शब्द निकालाच्या दुसऱ्या दिवशी विसरले जातात. आमचे शब्द चार पेट्यांतून येतात.

पहिली पेटी घरच्या शब्दांची. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थी घरून दहा शब्द आणतो. शब्द कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या कामात वापरतात आणि त्याचा अर्थ काय, एवढे लिहून आणतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले ‘फड’, ‘मोळी’, ‘वाढे’, ‘पाचट’, ‘टोळी’, ‘मुकादम’ हे शब्द आणतात. एका जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात, हे इतर मुलांना त्यांच्याकडून समजते. ‘उचल’ या शब्दाचा अर्थ मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम असा होतो आणि ती फेडेपर्यंत कुटुंब कामाला बांधलेले राहते, हे एखादी सातवीतली मुलगी समजावून सांगते, तेव्हा अर्थशास्त्राचा एक धडाच वर्गात होतो. कापसाच्या पट्ट्यातील मुले ‘पऱ्हाटी’, ‘बोंड’, ‘वेचणी’, ‘सरकी’ आणतात. जे शब्द मूल स्वतः आणते, ते त्याला शिकवावे लागत नाहीत. तेथे तेच शिक्षक असते.

दुसरी पेटी पाठ्यपुस्तकांतील शब्दांची. मुलाला विज्ञान अवघड जाते असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला विज्ञानातील मराठी अवघड गेलेले असते. ‘द्राव्य’, ‘द्रावक’ आणि ‘द्रावण’ हे तीन शब्द एकाच कुळातील आहेत : जे विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते तो द्रावक, आणि दोहोंचे मिश्रण ते द्रावण. साखर, पाणी आणि सरबत यांवरून हे एकदा उलगडले की पुढचा धडा आपोआप सोपा होतो. ‘परावर्तन’ म्हणजे प्रकाशकिरण आदळून मागे फिरणे आणि ‘अपवर्तन’ म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना त्याची दिशा बदलणे. यांतील ‘परा’ आणि ‘अप’ या उपसर्गांवर थोडा वेळ दिला, तर गोंधळ होत नाही. संविधानाची उद्देशिका मुलांना तोंडपाठ असते. तिच्यातील ‘सार्वभौम’, ‘गणराज्य’, ‘बंधुता’ या शब्दांचे अर्थ त्यांनी आपल्या शब्दांत सांगावेत, असा आग्रह असतो. ‘सार्वभौम’ हा शब्द ‘सर्व’ आणि ‘भूमी’ यांपासून झाला, हे समजल्यावर पाठांतराला अर्थ येतो.

तिसरी पेटी कागदाच्या शब्दांची. अर्जदार, अधिवास, वारस, थकबाकी, नाहरकत, पडताळणी, साक्षांकित प्रत, विहित नमुना, सक्षम अधिकारी, प्रतिज्ञापत्र हे शब्द कोणत्याही कवितेत येत नाहीत. परंतु आपल्या पालकांचे अनेक दिवस या शब्दांपायी कचेरीच्या दारात गेलेले आहेत. ‘विहित नमुना’ म्हणजे ठरवून दिलेला नमुना, आणि ‘साक्षांकित’ म्हणजे अधिकार असलेल्या व्यक्तीने खरी म्हणून सही केलेली प्रत, हे सहावीतल्या मुलालाही सहज कळते. ‘फेरफार’ हा शब्द एरवी कोणत्याही बदलासाठी वापरला जातो. जमिनीच्या कागदात मात्र हक्कातील बदलाची नोंद असा त्याचा नेमका अर्थ आहे. एकच शब्द जागा बदलली की अर्थ कसा बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागत नाही.

चौथी पेटी शब्दकुळांची. एक मूळ सापडले की दहा शब्द हाती येतात. ‘बुध्’ म्हणजे जाणणे, जागे होणे या धातूपासून बुद्ध, बुद्धी, बोध, बोधकथा, सुबोध, दुर्बोध, संबोधन, उद्बोधन, प्रबोधन आणि प्रबुद्ध हे सारे शब्द आले. बाबासाहेबांच्या नियतकालिकांची नावे हाही आमच्या अभ्यासाचा एक पाठ आहे : १९२० सालच्या ‘मूकनायक’मध्ये तत्पुरुष समास आहे, १९२७ सालच्या ‘बहिष्कृत भारत’मध्ये ‘बहिः’ आणि ‘कृत’ यांचा संधी आहे, आणि १९५६ सालच्या ‘प्रबुद्ध भारत’मध्ये तोच ‘बुध्’ धातू. ही तीन नावे क्रमाने वाचली तरी एका समाजाचा प्रवास ध्यानात येतो.

या पेटीत पालीचाही वाटा आहे. आपली मुले रोज पाली ऐकतात व म्हणतात. संस्कृतातील ‘हस्त’ पालीत ‘हत्थ’ आणि मराठीत ‘हात’. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’. ‘दुग्ध’, ‘दुद्ध’, ‘दूध’. ‘अद्य’, ‘अज्ज’, ‘आज’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. अशा जोड्या लावताना मुलांना एक नियम स्वतःच सापडतो : मधले जोडाक्षर आधी दुहेरी होते, मग एकेरी होते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृत यांचाही समावेश होता. स्वतः बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश व व्याकरण यांवर परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने ते काम त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. शब्द जमविणे हे मोठ्या माणसांनी केलेले काम आहे, हे मुलांना त्यावरून उमगते.

तयारीचे वेळापत्रक

दिवाळीनंतर बारा आठवडे तयारी चालते. सोमवार ते शुक्रवार रोज पाच शब्द, म्हणजे आठवड्याला पंचवीस आणि एकूण ३०० शब्द. शनिवारी शब्दांचे खेळ आणि रविवारी उजळणी. रोज पाचांहून अधिक शब्द दिल्यास मुले ते लिहितात, परंतु वापरत नाहीत.

प्रत्येकाची एक शब्दवही असते. तिच्या पानावर पाच रकाने असतात : शब्द, तो कोठे भेटला, अर्थ आपल्या भाषेत, आपले वाक्य, आणि त्याच्या जवळचा घरचा शब्द. पाचवा रकाना रिकामा राहिला तरी चालतो. मात्र तो भरण्यासाठी मूल आजीला आठवते, सुट्टीच्या दिवशी फोनवर आईला विचारते, आणि तेथेच खरे शिकणे घडते.

अर्थ लिहिताना एक पथ्य पाळावे लागते. ‘विनम्र म्हणजे नम्र’ हा अर्थ नव्हे. जवळच्या शब्दांतील अंतर सांगता आले पाहिजे : ‘भीती’ कशाचीही वाटते; ‘धाक’ अधिकार असलेल्या माणसाचा असतो; ‘दरारा’ माणूस समोर नसतानाही त्याच्या लौकिकामुळे टिकतो. वाक्याची कसोटीही ठरलेली आहे. ‘तो अगतिक होता’ हे वाक्य आम्ही ग्राह्य धरत नाही. कारण तेथे ‘आनंदी’ घातले तरी वाक्य चालते. ‘शेवटची एस.टी. निघून गेली होती, खिशात पैसे नव्हते, गावात ओळखीचे कोणी नव्हते. तो अगतिक होऊन फलाटावर बसून राहिला’ या वाक्यात मात्र शब्द झाकला तरी त्याची जागा बोलते. अशी वाक्ये लिहिण्याची सवय लागली की निबंध आपोआप सुधारतो.

उजळणीसाठी चिठ्ठ्यांची पद्धत वापरली जाते. सेबास्टियन लाइटनर या विज्ञानपत्रकाराने १९७२ साली जर्मन भाषेतील आपल्या पुस्तकात ती मांडली. त्याच्या खोक्यात पाच कप्पे होते, आम्ही तीनच ठेवतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या करून एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ लिहितात. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते व रोज पाहिली जाते. उत्तर बरोबर आले की ती दुसऱ्या कप्प्यात जाते, तेथील चिठ्ठ्या तीन दिवसांनी पाहायच्या. पुन्हा बरोबर आले की तिसऱ्या कप्प्यात, जो फक्त रविवारी उघडायचा. उत्तर चुकले की चिठ्ठी परत पहिल्या कप्प्यात येते. विसरण्याच्या बेतात असताना आठवलेली गोष्ट पक्की बसते, एवढेच यामागचे तत्त्व आहे. या साऱ्याला खर्च काहीच येत नाही, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

कोश पाहणे हे स्वतंत्रपणे शिकवावे लागते. स्वर आधी, व्यंजने नंतर; बाराखडीचा क्रम; जोडाक्षर असलेले शब्द त्या अक्षराच्या शेवटी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत ‘क’ व ‘ज’ यांच्याखाली असतात, तर काहींत वर्णमालेच्या अखेरीस. म्हणून कोश हाती घेताच आधी त्याची प्रस्तावना वाचावी. लेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आधारभूत मानले जातात. १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४, असे ते एकूण १८ नियम आहेत. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, कारण ‘शरीर’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. असे एकेक उदाहरण घेऊन नियम शिकविले जातात.

स्पर्धेचा दिवस

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ५० गुणांची लेखी फेरी होते. तिच्यातून सहा संघ निवडले जातात. प्रत्येक संघात तीन विद्यार्थी असतात. सहावी, सातवी आणि आठवीतील प्रत्येकी एक. त्यामुळे मोठी मुले धाकट्यांची तयारी करून घेतात आणि एखादा एकटा हुशार विद्यार्थी संघ ओढून नेत नाही.

अंतिम फेरीचे चार भाग असतात. पहिल्या भागात शब्दाचा अर्थ व वाक्य, दुसऱ्यात बोलीतील शब्दाला प्रमाण आणि प्रमाण शब्दाला बोलीतील पर्याय, तिसऱ्यात एक खरा अर्ज किंवा सूचना हाती देऊन तिचा आशय सोप्या मराठीत सांगणे, चौथ्यात शब्दकुळ. प्रत्येक भागात प्रत्येक संघाला तीन प्रश्न, म्हणजे एकूण ७२ प्रश्न होतात. हरकती व बरोबरी यांसाठी आणखी १८ धरून ९० चिठ्ठ्या बंद पाकिटांत तयार ठेवाव्या लागतात. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट धरले तर कार्यक्रम दोन तासांच्या आत आटोपतो.

प्रत्येक प्रश्नाला ५ गुण असतात. पहिल्या भागात अर्थाला २ आणि वाक्याला ३. कारण शब्द कळणे आणि शब्द वापरणे यांत दुसरी गोष्ट अवघड आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. घंटा आधी कोण वाजवतो यावर काहीही ठरत नाही. विचार करण्यास अर्धा मिनिट दिला जातो. ‘ण’च्या जागी ‘न’ किंवा ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारला म्हणून गुण कापले जात नाहीत. बोलताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला पाटीवर लिहून उत्तर देण्याची मुभा असते, आणि ती मुभा सर्वांनाच असल्याने कोणाकडे बोट दाखवले जात नाही.

परीक्षक तिघे असतात : एक भाषाशिक्षक, एक माजी विद्यार्थी आणि एक पालक. दुसऱ्या भागात पालकाचा शब्द अखेरचा मानला जातो. ज्या आजीने कधी शाळेची पायरी चढली नाही, ती परीक्षकाच्या खुर्चीत बसून ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ असा निर्णय देते, तेव्हा सभागृहातील मुलांना भाषेविषयी जे समजते, ते कोणत्याही व्याख्यानाने समजणार नाही. बाकीच्या भागांत हरकत आल्यास पुढचा प्रश्न विचारण्यापूर्वी कोश उघडून निकाल दिला जातो. त्यासाठी य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी सिद्ध केलेला, १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आदर्श होय. एवढा मोठा ग्रंथ जवळ नसल्यास एखादा चांगला शालेय कोशही पुरतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याचे काम शब्द जमविणाऱ्या माणसांच्या श्रमांवर उभे राहिले. कोश लोकांच्या तोंडून तयार होतो. म्हणून शब्द कोशात सापडला नाही एवढ्यावरून तो शब्दच नाही, असे ठरत नाही.

धार असलेले शब्द

वाक्प्रचार व म्हणी यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. मराठीत अनुभवाचे सार सांगणाऱ्या सुंदर म्हणी आहेत. तशाच जातीचा, स्त्रीचा, विधवेचा किंवा अपंगाचा उपहास करणाऱ्याही आहेत. स्पर्धेच्या पुस्तकांतून त्या पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहतात आणि मूल गुण मिळविण्यासाठी आपल्याच आजोबांचा अपमान पाठ करते. अशा म्हणी आमच्या प्रश्नांत नसतात.

मात्र त्या जगातून नाहीशा झालेल्या नाहीत, आणि मुलांच्या कानांवर त्या कधीतरी पडणारच. म्हणून आठवीच्या विद्यार्थ्यांसोबत त्यांवर चर्चेची एक तासिका ठेवलेली आहे. ही म्हण कोणी, कोणाला उद्देशून रचली असेल? ती ऐकणाऱ्याला काय वाटत असेल? हेच सांगायला दुसरे शब्द आहेत का? असे तीन प्रश्न विचारले की पुढचे मुलेच बोलतात. धम्मात सम्यक वाचा सांगितली आहे. असत्य, चहाडी, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळणे असा तिचा आशय आहे. शब्दाचा अर्थ जाणण्यात त्याची धार जाणणेही येते, एवढे या तासिकेत पक्के व्हावे, ही अपेक्षा असते.

आपल्याकडून अपेक्षा

विजेत्या संघाला बक्षीस म्हणून शब्दकोश दिले जातात. परंतु प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याने आणलेले घरचे दहा शब्द त्याच्या नावासह एका हस्तलिखितात उतरवून ग्रंथालयात ठेवले जातात, आणि मुले बक्षिसापेक्षा त्या हस्तलिखिताभोवतीच अधिक गर्दी करतात. स्पर्धेने वाचनाची गोडी लागते, पण स्पर्धा वाचनाची जागा घेऊ शकत नाही. तीनशे शब्द ही सुरुवात आहे. पुढचे हजारो शब्द पुस्तकांतूनच येतात.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मूल सुट्टीत घरी आले की त्याच्याशी आपल्या नेहमीच्या भाषेतच बोलावे. ते शाळेत शिकते म्हणून आपले शब्द लपवू नयेत. अवजारांची, पिकांची, भांड्यांची, नात्यांची नावे त्याला सांगावीत आणि ते विचारील तेव्हा थोडा वेळ द्यावा. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज रुग्णालयात, कोणी बँकेत, कोणी न्यायालयात, कोणी कारखान्यात, तर कोणी एस.टी.च्या चाकावर आहेत. त्यांनी आपल्या कामातले वीस-वीस शब्द अर्थासह लिहून पाठवावेत, आणि जमेल त्या वर्षी २७ फेब्रुवारीला परीक्षक म्हणून यावे. ज्या बाकांवर आपण बसलात, त्यांवर आज बसलेल्या मुलांना हे शब्द उद्या कोठे ना कोठे लागणार आहेत, आणि ते त्यांना आधीच ठाऊक असावेत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.